‘विकणे आहे’ आणि ‘इज टू’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरच्या शैक्षणिक पुरवणीत दहावी-बारावीच्या मुलांसाठी इंग्रजी ग्रामरचं सदर येतं, ते मी दर आठवड्याला वाचते आणि माझ्या मुलांनाही वाचायला लावते. परवाच्या अंकात बाकी सगळं नीट होतं, पण ‘इज टू, आर टू, वॉज टू’ या रचनेला एकच ओळ दिली होती, की हा भविष्यकाळाचा एक प्रकार आहे, हल्ली फारसा वापरात नाही, परीक्षेत आलाच तर ‘गोइंग टू’ सारखा अर्थ लावावा. ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून हे पत्र. मी कराडला गेली सतरा वर्षं घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते, माझ्याकडे येणारी बहुतेक पोरं मराठी मीडियमची, आजूबाजूच्या गावांतून एसटीने येणारी, आणि या एका ओळीच्या समजुतीने काय होतं ते मी जवळून बघितलंय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्याकडे आधी शिकून गेलेला एक मुलगा आयटीआय झाला, फिटर ट्रेड, आणि त्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीचं ट्रेनी म्हणून पत्र आलं. घरात सगळ्यांना आनंद. पत्रात मुद्द्याच्या तीनच ओळी होत्या. पहिली, ‘यू आर टू रिपोर्ट ॲट गेट नंबर टू बाय एट थर्टी.’ दुसरी, ‘ओरिजिनल सर्टिफिकेट्स आर टू बी प्रोड्यूस्ड ॲट द टाइम ऑफ जॉइनिंग.’ तिसरी, ‘ट्रेनीज आर नॉट टू कॅरी मोबाईल फोन्स बियाँड द गेट.’ पहिली ओळ त्याला बरोबर कळली कारण त्यात टाइम होता. दुसरीचा अर्थ त्याने लावला की जॉइनिंगच्या वेळी ओरिजिनल सर्टिफिकेट तयार होऊन मिळणार, कारण प्रोड्यूस म्हणजे तयार करणे आणि आर टू म्हणजे भविष्यकाळ, असंच तर शिकवलं होतं त्याला. तिसरीचा अर्थ लावला, मोबाईल आणलाच पाहिजे असं काही नाही. मग काय, हा झेरॉक्सचा गठ्ठा आणि खिशात मोबाईल घेऊन सव्वाआठला गेटवर हजर. सिक्युरिटीने मोबाईल काढून घेतला, आत गेल्यावर ओरिजिनल मागितले, ते घरी कपाटात, घर चाळीस किलोमीटरवर. तो परत जाऊन येईपर्यंत त्या बॅचचं मेडिकल उरकलं होतं आणि त्याला पुढच्या बॅचला या म्हणून सांगितलं, म्हणजे दीड महिन्याने. दीड महिन्याचा स्टायपेंड गेला, आणि त्याच्या वडलांनी त्या स्टायपेंडवर हिशोब धरून ठेवला होता.

संध्याकाळी तो पत्र घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, मॅडम, यात ‘मस्ट’ कुठंच नाही हो, ‘शुड’ पण नाही, मग मला कसं कळणार? त्याचं म्हणणं खरं होतं. मस्ट नाही, शुड नाही, तरी ती आज्ञाच होती. नुसतं ‘आर’ आणि ‘टू’ यांनी ती दिली होती, आणि हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मी सुद्धा नाही, कारण मी पण तोपर्यंत काळांच्या तक्त्यात शेवटी एक ओळ सांगून पुढे जात होते. त्या दिवसापासून मी ही रचना चार तास घेऊन शिकवते, आणि शिकवताना लक्षात आलं की ही तर आपल्या मराठीत जशीच्या तशी बसलेली आहे, फक्त आपण मुलांना तिकडे बघायला सांगत नाही.

तुमच्याच पेपरचं छोट्या जाहिरातींचं पान काढा. ‘फ्लॅट विकणे आहे’, ‘दुकान भाड्याने देणे आहे’. हे काय आहे? ‘विकणे’ हे क्रियापदाचं मूळ नाम आणि पुढे ‘आहे’. आणि इंग्रजी पाटीवर काय असतं, ‘टू लेट’, पूर्ण वाक्य केलं तर ‘द हाउस इज टू लेट’. अक्षरशः तीच बांधणी. फ्लॅट स्वतः काही विकत नाही आणि हाउस स्वतः काही भाड्याने देत नाही, दोन्हीकडे रूप कर्तरी आणि अर्थ कर्मणी, तरी वाचणाऱ्याला कुठे अडत नाही. ‘ही इज टू ब्लेम’ हे पण त्यातलंच, दोष देणारा तो नाही, दोष त्याला द्यायचा आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार वर्षांमागे, हेच रूप सर्रास ‘करावयाचे आहे’ या अर्थाने चालायचं, नंतर कर्मणीसाठी ‘टू बी डन’ असं वेगळं रूप रुळलं आणि ‘टू लेट’, ‘टू ब्लेम’ असे थोडे जुने नमुने मागे राहिले. हे मी मुलांना सांगते तेव्हा त्यांचे चेहरे बदलतात, कारण जाहिरात त्यांनी हजारदा वाचलेली असते.

सरकारी फॉर्म घ्या. ‘सोबत जोडावयाची कागदपत्रे’. इंग्रजी फॉर्मवर ‘डॉक्युमेंट्स टू बी अटॅच्ड’. ‘अर्जदाराने भरावयाचा भाग’, म्हणजे ‘टू बी फिल्ड बाय द ॲप्लिकंट’. तलाठी ऑफिसात ज्याने एक फॉर्म भरलाय त्याला ‘टू बी फिल्ड’ कळायला पाहिजे, शब्दाला शब्द लागतोय. औषधाच्या स्ट्रिपवर मागे बारीक अक्षरात असतं, ‘नॉट टू बी सोल्ड बाय रिटेल विदाउट द प्रिस्क्रिप्शन ऑफ अ रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर’. माझी मुलं ती स्ट्रिप घरून घेऊन येतात, आम्ही ती ओळ फळ्यावर लिहितो आणि मराठी करतो, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय किरकोळीत विकायचं नाही. ‘विकलं जाणार नाही’ असं नाही, ‘विकायचं नाही’. ‘जाणार नाही’ ही बातमी झाली, ‘विकायचं नाही’ ही ताकीद झाली, आणि स्ट्रिपवर ताकीद आहे.

आता खरा महत्त्वाचा भाग. बोलण्यातलं ‘-यचं आहे’ हे आपलं ‘इज टू’ आहे, पण त्यात एक बारीक मेख आहे आणि ती मराठी माणसाला न शिकवता येते, फक्त जाणीव करून द्यावी लागते. ‘मुलांना मोबाईल आणायचा नाही’ आणि ‘मुलांनी मोबाईल आणायचा नाही’, ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात मुलांची इच्छा नाही असं वाटतं. दुसऱ्यात हेडमास्तर बोलतायत. ‘ना’ चं ‘नी’ झालं की इच्छेचा हुकूम झाला. इंग्रजीत पहिल्याला ‘डोन्ट वॉन्ट टू’ आणि दुसऱ्याला ‘आर नॉट टू’. मी मुलांना एवढंच सांगते, ‘इज टू, आर टू’ दिसलं आणि कर्ता माणूस असला की त्याला मनात ‘नी’ लाव. ‘ट्रेनीज आर नॉट टू कॅरी मोबाईल फोन्स’, ट्रेनींनी मोबाईल न्यायचे नाहीत. ‘कॅन्डिडेट्स आर टू साइन हिअर’, उमेदवारांनी इथे सही करायची आहे. आणि ‘यू’ असेल तर ‘तू’, त्याला ‘नी’ दिसत नाही पण असतो, ‘तू नऊच्या आत घरी यायचं’, बास, हे ‘यू आर टू बी होम बाय नाइन’. आपली आई जे रोज म्हणते ते.

‘आर नॉट टू’ आणि ‘डोन्ट हॅव टू’ मधला फरक तर जीवावरचा आहे, मी थोडंही वाढवून सांगत नाहीये. ‘यू डोन्ट हॅव टू ओपन धिस पॅनल’, हे पॅनल उघडायची गरज नाही, उघडलंस तरी चालेल. ‘यू आर नॉट टू ओपन धिस पॅनल’, हे पॅनल उघडायचं नाही. शॉप फ्लोअरवर आपली पोरं काम करतात, मशिनवर सूचना इंग्रजीत असतात, आणि आम्ही त्यांना शिकवतो ‘गोइंग टू सारखा अर्थ लावा’. ‘तू हे पॅनल उघडणार नाहीस’ असा अर्थ लावून त्या पोराने काय समजायचं?

‘हल्ली फारसा वापरात नाही’ या वाक्याबद्दल पण बोलायचंय. रोजच्या गप्पांत इंग्रज माणूस ही रचना कमी वापरतो हे खरं आहे. पण ज्याच्या हातात अधिकार आहे तो लिहिताना हीच वापरतो. नोटीस, आदेश, नियमावली, जॉइनिंग लेटर, हॉस्टेलचे रूल, मशिनचं मॅन्युअल. कारण हिच्यात बोलणारा पुढे येत नाही, ‘मी सांगतो’ असं कुठे म्हणावं लागत नाही, फक्त ठरलेलं आहे एवढंच कळतं. कुणी ठरवलं, वर कुणीतरी. आपल्याकडे ‘साहेबांना उद्या दौऱ्यावर जायचंय’ म्हणतो तेव्हा साहेबांची हौस नसते, वरून कार्यक्रम आलेला असतो, तसं. म्हणजे ज्याला ऐकून घ्यायचं असतं, नियम पाळायचा असतो, त्याला ही रचना सगळ्यात जास्त भेटते, आणि आमची मुलं आयुष्याची पहिली दहा वर्षं तरी ऐकून घेणाऱ्या बाजूलाच असतात.

पेपरमध्ये तर ती रोज असते, फक्त अर्धी कापलेली. इंग्रजी हेडलाइन ‘पीएम टू व्हिजिट पुणे’, खाली बातमीत ‘द प्राइम मिनिस्टर इज टू व्हिजिट पुणे’. वर ‘इज’ गाळलं. आणि तुम्ही काय छापता? हेडिंगमध्ये ‘पंतप्रधान पुण्यात येणार’, बातमीत ‘येणार आहेत’. तुम्ही ‘आहेत’ गाळलं. दोन्ही भाषांच्या पेपरवाल्यांनी नेमकी तीच जागा वाचवायला तोच शब्द कापला, मला याचं खूप अप्रूप वाटतं. मी मुलांना रविवारी दोन्ही पेपर शेजारी ठेवून अशी हेडिंगं शोधायला लावते, आठवीची पोरं अर्ध्या तासात दहा-बारा काढतात.

आता जिथे मराठी आणि इंग्रजी फारकत घेतात ते सांगते, कारण तिथे हुशार मुलं फसतात. भूतकाळ. ‘तो येणार होता’ म्हटलं की मराठी माणूस पुढचं न सांगताच समजतो, आला नाही. इंग्रजीत ‘ही वॉज टू कम’ म्हटलं तर आला की नाही हे उघडं राहतं. नक्की आला नाही असं सांगायचं तर ‘ही वॉज टू हॅव कम’. चांद्रयान-२ चं उदाहरण मी नेहमी देते कारण ते सगळ्यांना पाठ आहे. ते १५ जुलै २०१९ च्या पहाटे सुटणार होतं, तासाभरापेक्षा कमी वेळ राहिला असताना तांत्रिक अडचणीमुळे थांबवलं आणि मग २२ जुलैला सुटलं. तर ‘चांद्रयान-टू वॉज टू हॅव बीन लाँच्ड ऑन १५ जुलै’, त्या ‘हॅव बीन’ मध्ये ती थांबलेली पहाट आहे.

आणि याच्या बरोबर उलट. एका मुलीला उताऱ्यात वाक्य होतं, १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकायला गेले, पुढे, ‘द यंग मॅन वॉज टू बिकम द चेअरमन ऑफ द ड्राफ्टिंग कमिटी’. तिने लिहिलं, ‘हा तरुण मसुदा समितीचा अध्यक्ष होणार होता’. ग्रामरने चूक काढता येणार नाही, पण मराठीत ते वाचणाऱ्याच्या मनात येतं, मग झाला नाही की काय? आणि ते तर १९४७ ला झालेच. चरित्रात, इतिहासात हे ‘वॉज टू’ येतं ते पुढे काय घडलं ते माहीत असलेला माणूस मागे वळून सांगत असतो म्हणून येतं, तिथे ते घडलेलंच असतं. मराठीत ‘हाच तरुण पुढे अध्यक्ष झाला’ असं सरळ करावं, नाहीतर आपली दुसरी धाटणी आहेच, ‘त्यांच्या हातून फार मोठं काम व्हायचं होतं’. बघा, ‘होणार होतं’ म्हटलं की राहिलं, ‘व्हायचं होतं’ म्हटलं की नशिबात होतं आणि झालं. माझी आजी आजोबांबद्दल सांगताना म्हणायची, ‘त्यांना काय माहीत, अजून काय काय बघायचं होतं’. हे इंग्रजीत करायला दिलं तर कोणीही ‘वॉज टू’ च वापरेल. त्या मुलीला आजीचं वाक्य सांगितल्यावर तिने स्वतःहून खोडून दुसरं लिहिलं, मला सांगावं लागलं नाही.

‘इफ’ बरोबर येतं ते तर फारच सोपं आहे. ‘इफ वी आर टू कॅच द ट्रेन, वी मस्ट लीव्ह नाऊ’. गाडी गाठायची असेल तर आत्ता निघायला पाहिजे. ‘-यची असेल तर’ एवढं सांगितलं की झालं, एका मिनिटात. आणि ‘व्हॉट ॲम आय टू डू?’ म्हणजे ‘आता मी काय करायचं?’, हे तर शिकवायला पण लागत नाही.

पण याच ‘असेल’ मुळे एक ठराविक चूक होते ती लिहूनच टाकते. मराठीत ‘जायचं असेल’, ‘जायचं असतं’, ‘जायचं असूनही’, सगळी रूपं होतात, म्हणून मुलं ‘ही विल बी टू गो’ लिहितात. इंग्रजीत या अर्थाने ॲम, इज, आर, वॉज, वेअर ही पाचच रूपं चालतात, ‘विल बी टू’ नाही, ‘बीइंग टू’ नाही. आणि ‘आय हॅव बीन टू पुणे’ हे वेगळंच, तिथे ‘टू’ पुढे गाव आहे, क्रियापद नाही. तसंच ‘माय ड्रीम इज टू बी अ नर्स’ दिसायला सारखं पण आतून वेगळं, तिथे ‘इज’ म्हणजे बरोबरचं चिन्ह, स्वप्न बरोबर नर्स होणं. ‘सीमा इज टू बी द कॅप्टन’ मध्ये सीमा बरोबर कॅप्टन होणं असं मांडता येत नाही, तिथे सीमाला कॅप्टन करायचं ठरलंय. मुलांना दोन्ही वाक्यं देऊन बरोबरचं चिन्ह घालून बघा म्हटलं की ती आपोआप वेगळी करतात.

आपल्याकडे २००० सालापासून सगळ्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारावीपर्यंत मुलगा बारा वर्षं इंग्रजी शिकतो आणि तरी जॉइनिंग लेटरच्या दुसऱ्या ओळीला अडतो, हा त्याच्या बुद्धीचा दोष नाही. त्याला मराठी येतंय, पक्कं येतंय, ‘मुलांना’ आणि ‘मुलांनी’ मधला फरक तो पाचव्या वर्षापासून न चुकता करतोय. आपण इंग्रजीच्या तासाला ती मराठी वर्गाबाहेर ठेवायला सांगतो, मराठीत विचार करू नका म्हणतो, आणि मग तक्ते पाठ करायला देतो. या रचनेपुरतं तरी मी ठामपणे सांगते, मराठीतच विचार करायला लावा, लवकर येईल आणि बरोबर येईल.

तो फिटर मुलगा पुढच्या बॅचला लागला, आता तिथेच आहे. नवीन ट्रेनी आले की त्यांना तो गेटवरच्या बोर्डाची मराठी करून सांगतो, असं त्याच्या आईने मला मंडईत भेटल्यावर सांगितलं.

तुम्हाला विनंती दोन आहेत. एक, या रचनेला सदरात एक पूर्ण रविवार द्या, उदाहरणं हवी असतील तर माझ्या मुलांनी जमवलेली वहीभर आहेत, मी पाठवीन. दुसरी जास्त घाईची आहे. त्याच पुरवणीत सराव प्रश्न सातवा होता, ‘द मॅच वॉज टू हॅव बिगन ॲट टू’, आणि मागच्या पानावर उत्तर छापलंय, ‘मॅच दोन वाजता सुरू झाली होती’. ते चूक आहे, मॅच दोनला सुरू झालीच नाही, ‘मॅच दोन वाजता सुरू होणार होती’ एवढंच पाहिजे. मुलं तुमचं कात्रण वहीला चिकटवून ठेवतात, परीक्षा जवळ आलीय, तेव्हा येत्या अंकात ही दुरुस्ती छापावी.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
कराड, जि. सातारा